ताईंची भोवळ

नवऱ्यानं स्वतःच्या हातानं कपबशी विसळली, तेव्हाच मी ओळखलं की आज माझ्यावर काहीतरी येणार आहे.

आमच्या कुरणेवाडीच्या घरी त्या सकाळी सरलाताई हुपरीकर आल्या होत्या. ताईंचा गुडघा धरलेला, त्यांना खाली बसता येत नसे. म्हणून नवऱ्यानं शाळेतून खुर्ची आणून ठेवली होती. मग तो चुलीपाशी गेला, चहा केला, आणि कपाला कान असलेली एकुलती एक कपबशी दोनदा विसळून ताईंच्या हातात दिली. माझी सासू कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिच्या मुलानं आजवर स्वतःच्या जेवणाचं ताटसुद्धा उचललं नव्हतं.

नवऱ्याचं नाव ईश्वरा. तोंडानं मी ते अजून घेत नाही, कागदावर घेते. अक्षरं ताईंनीच शिकवली, माझे केस पिकायला लागल्यावर. ते पुढचं.

सरलाताईंचं नाव तेव्हा जिल्हाभर होतं. पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चारचौघांत उभं केलं होतं, टाकलेल्या बायकांना पोटगी मिळवून दिली होती. आणि देवीची म्हणून डोक्यावर जट वागवणाऱ्या कितीतरी बायकांच्या जटा त्यांनी कापल्या होत्या. साडीवर कॅनव्हासचे बूट घालत. पिशवीत कात्री. कुठल्या देवापुढं त्यांचे हात जुळत नसत. शेजारच्या गावानं एकदा त्यांचा सत्कार ठेवला आणि आधी देवळात जाऊन पाया पडा म्हणाले, तर ताई सत्कार तिथंच ठेवून परत आल्या होत्या.

माझ्या डोक्यावर तशी जट होती. माझी लेक कमल झाली, त्यानंतर मी महिनोन् महिने तापानं अंथरुणात होते. केसांना फणी नाही, तेल नाही. उठून बसले तेव्हा केसांचा दोर झाला होता. सासूनं हात लावून बघितला आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोगतिणीला बोलावलं. जोगतीण म्हणाली, यल्लम्मा आली. झालं. त्या दिवसापासून जटेला हळदकुंकू लागलं, फणी बंद झाली. मंगळवारी, शुक्रवारी बाया येऊन माझ्या पाया पडायला लागल्या. जट वाढत कमरेखाली गेली. मान एका बाजूला कलली. कुशीवर झोपता येत नसे. आत खाजायचं, वास यायचा. पण हे कुणाला सांगायचं? देवीला वास येतो असं कसं म्हणणार?

त्या दिवशी ताईंना बोलावून आणलं होतं ते ईश्वरानं. तालुक्याला जाऊन त्यांच्या ऑफिसात तो हात जोडून उभा राहिला होता. माझ्या बायकोला या अंधश्रद्धेतून सोडवा, म्हणाला. ताईंच्या सगळ्या आयुष्यात असा नवरा आपणहून चालत आला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की जट कापायचा जाहीर कार्यक्रम ठरला आणि त्याच कार्यक्रमात ईश्वराचा सत्कारही.

चहा पिऊन ताईंनी ईश्वराला आणि सासूला बाहेर पाठवलं आणि मला समजावायला लागल्या. केस कसे गुंततात, तेल-हळदीनं कसे चिकटतात, त्यात देवीबिवी कशी नसते. त्यांचं ते तोंडपाठ होतं. मी ऐकून घेतलं आणि कापायची नाही म्हटलं.

"देवीची भीती वाटते का तुला, आकुबाई?"

"न्हाई. नवऱ्याची वाटती."

मग मी सांगितलं. जट नव्हती तेव्हा विरजण लागलं नाही म्हणून मार होता, लागलं तर आंबट झालं म्हणून होता. जट आली आणि अंगावरचा हात थांबला. देवीवर हात कोण उचलणार? सासू मंगळवारी माझं ताट आधी वाढायला लागली. वर्षानुवर्षं जे मला कुणी दिलं नव्हतं, ते या केसांनी दिलं. आता ईश्वराला दुसरी बायको करायची होती. मला एक मुलगीच, म्हणून. सीमेपलीकडच्या गावातली पोरगी ठरली होती. पण पोरीच्या बापानं अट घातली. पहिलीच्या डोक्यावर देवी आहे तोवर त्या घरात माझी लेक देणार नाही, कोप झाला तर तिच्यावर होईल. तेव्हापासून ईश्वराला समाजसुधारणा सुचायला लागली.

"मग सोता कापायची न्हाई का त्यानं?" मी म्हटलं. "सासू सांगत हुती, पाप लागलं तर कापनाऱ्या बाईला लागू दे."

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "म्हणजे मी लग्नाच्या तयारीला आले आहे."

"व्हय."

"आणि वर त्याचा सत्कार करणार आहे."

ताई कायद्याचं बोलल्या. पहिली असताना दुसरी करता येत नाही, आपण कोर्टात जाऊ. मी विचारलं, कोर्टाला किती साल लागतात? लागतात, म्हणाल्या. तोवर मी निजायचं कुठं, ते सांगा आणि मग कापा, असं मी म्हटलं. माहेरी भावजय होती, तिनं आधीच दार लावून घेतलं होतं.

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"त्यांच्या. एकट्याच्या."

ताईंनी गार झालेला चहा घोटभर प्यायला. कपातल्या चहाकडं बघत बसल्या. मग हळूच, दाराकडं नजर टाकून, त्यांनी विचारलं.

"तुझ्या अंगात येतं का गं?"

"न्हाई. दुसऱ्या बाया घुमत्यात. मला कधी आलं न्हाई."

"कार्यक्रमाच्या दिवशी येऊ शकेल?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. जन्मभर देवीविरुद्ध बोललेली बाई मला देवी व्हायला सांगत होती, आणि तिला नको म्हणत होते मी. त्यांनी बेत सांगितला. ईश्वराला देवी डोक्यावरून उतरायला हवी आहे ना? मग देवीनं उतरायची किंमत सांगावी. घर आकुबाईच्या नावावर लागलं की मी जाते. एवढंच. सगळ्या गावासमोर.

"देवीच्या नावानं खोटं बोलू?"

"देवी नाहीच, तर खोटं कुणाशी होईल?"

"तुमच्यासाठी न्हाई, ताई. माझ्यासाठी हाय."

ताईंनी कप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मग तिलाच विचार. तिला तुझी काळजी असेल तर हो म्हणेल."

"कसं विचारायचं?"

"मला कशाला विचारतेस? माझी तिची ओळख नाही."

कार्यक्रम पंचायतीसमोर झाला. मांडव घातला होता, टेबलावर शाल-नारळ. सरपंच यशवंत अण्णा होते, ग्रामसेवक होते. ताईंच्या संघटनेचे प्राध्यापक नाईकनवरे सर होते आणि त्यांनी एका पेपरवाल्यालाही आणलं होतं. पुढच्या रांगेत कडेला, लाल पटका बांधून, ठरलेल्या पोरीचा बाप बसला होता. डोळ्यांनी बघून खात्री करून घ्यायला आला होता. आभाळ भरून आलं होतं. मांडवात उकाडा होता, पण ऊन नव्हतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

नाईकनवरे सरांनी ईश्वराची फार स्तुती केली. असा पुरुष घराघरात निर्माण झाला पाहिजे, म्हणाले. नव्या पांढऱ्या शर्टात ईश्वरा खाली मान घालून ऐकत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पटकेवाल्यानंही वाजवल्या. शाल नंतर घालायची ठरली होती, आधी जट. मला खुर्चीवर बसवलं. ताईंनी पिशवीतून कात्री काढली.

मी घुमायला लागले.

सुरुवातीला जमेना. लाज वाटत होती. मग मंगळवारच्या बायांचं आठवलं, मान फिरवायला लागले. जट इतकी जड की एकदा फिरली की तीच मला फिरवायला लागली. बायांनी डोईवर पदर घेतले. कुणीतरी हळदीची वाटी आणायला पळालं. मी ठरल्याप्रमाणं बोलले. हे घर माझ्या या लेकीच्या, आकुबाईच्या नावावर कर, नाव लागेल त्या दिवशी मी हिच्या डोक्यावरनं उतरते.

सरपंचांनी हात जोडले. ईश्वरानं मात्र जोडले नाहीत. तो अडाणी असला तरी खुळा नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं.

"ह्ये ह्या बाईनं शिकीवलंय," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिशी दार लावून कुजबुजत बसल्या हुत्या दोघी."

लोकांत चुळबुळ झाली. पटकेवाला अर्धा उठला. मला घुमता घुमता सगळं दिसत होतं. त्यानं हेच आणखी एकदा म्हटलं असतं तर संपलं होतं. जटही गेली असती आणि घरही. देवीचं सोंग केलेल्या बाईला त्या संध्याकाळी गावात कुणी ओसरीवरसुद्धा बसू दिलं नसतं. मी ताईंकडं बघितलं. ताईंच्या हातात कात्री तशीच होती, आणि पुढं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. नाईकनवरे सर उठून त्यांना विचारायला लागले, हा काय प्रकार आहे म्हणून.

तेवढ्यात माझा हात उठला आणि बोट ताईंवर गेलं.

"ही माज्यावर कात्री घिऊन आली," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता, घसा फाटलेला होता. "हिला म्हना, पाय धर. नाक घास."

ताईंना सगळे ओळखत होते. आई वारली तेव्हा सुद्धा या बाईनं कुठला विधी केला नव्हता. सर म्हणाले, "ताई, चला इथून." पेपरवाला पुढं सरकला.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं. मग कात्री टेबलावर ठेवली. एका हातानं खुर्चीचा हात धरला, दुसऱ्यानं गुडघा. आधी चांगला गुडघा टेकवला, मग दुखरा. त्याला बराच वेळ लागला. मदतीला कुणी पुढं आलं नाही, कुणाची छातीच नव्हती. मग त्या खाली वाकल्या. कपाळ टेकवलं. आणि मग, सावकाश, नाक. त्यांच्या चष्म्याची काच माझ्या अंगठ्याला लागली. गार होती.

मी ईश्वराकडं बघत होते. त्याच्या चेहऱ्यावरचा शहाणपणा बघता बघता गेला. जी बाई कुणापुढंच वाकत नाही म्हणून त्यानं तिला आणली होती, ती वाकली होती. मग वाकायला लावणारी कोण? नव्या शर्टासकट तो ताईंच्या शेजारी आडवा झाला. "आई, चुकलं," म्हणाला. मागोमाग अख्खा मांडव. पटकेवालासुद्धा. उभे राहिले ते नाईकनवरे सर एकटे, हातात शाल घेऊन.

तेव्हा माझ्या तोंडून आणखी एक निघालं. "मी हिच्या डोक्यावरनं उतरीन आन ह्येच्या उंबऱ्यात बशीन. दुसरी सून म्या आत घ्याची न्हाई." मग मी पडले. तोंडावर पाणी मारलं तेव्हा भानावर आले.

पुढचे दिवस गावानं मोठी गंमत बघितली. ईश्वरा ग्रामसेवकाच्या मागं मागं फिरत होता, माझ्या बायकोचं नाव लावा म्हणून. ग्रामसेवक म्हणाला, मासिक सभेत घेऊ. ईश्वरानं त्याला विचारलं, आईचा कोप तुम्ही अंगावर घेता का? घरफाळ्याच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं. पोरीच्या बापानं निरोप पाठवला, आमचं जमत नाही.

नाव लागल्यावर ताई आल्या, एकट्याच. परसात मी पाटावर बसले, त्या खुर्चीवर. कात्री चालेना इतकी जट घट्ट झाली होती, त्या थांबत थांबत कापत होत्या. ताईंनी नाक घासल्याचं पेपरात आलं होतं. संघटनेनं त्यांच्याकडं खुलासा मागितला होता. खरं सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या, पण खरं संध्याकाळपर्यंत कुरणेवाडीत पोचलं असतं. ताईंनी, सांगण्यासारखं काही नाही, एवढंच लिहून दिलं. अध्यक्षपद नाईकनवरे सरांकडं गेलं. मी म्हटलं, मी जाते आणि सरांना सगळं सांगते.

"तुझा नवरा आहे तोवर नको," ताई म्हणाल्या. "घर तुझ्या नावावर आहे, पण घरात तो आहे."

मग त्यांनी जटेचा पुढचा पीळ धरला.

"पाय धुऊन बसायचं होतंस गं. शेणाचा वास आला."

"तुमास्नी राग आला?"

"आला. अजून आहे." करकर. "नाक कशाला? नुसतं पाय धर म्हणाली असतीस तर चाललं असतं."

"त्येवड्यानं त्यास्नी पटलं नसतं."

ताईंनी विचार केला. "नसतं पटलं," म्हणाल्या. जटेचा शेवटचा पीळ राहिला होता. कात्री थांबली. "आकुबाई, ते उंबऱ्याचं मी सांगितलं नव्हतं."

"न्हाई."

"आणि माझ्या नाकाचंही नव्हतं."

"त्येबी न्हाई."

"मग ते तू बोललीस, की—"

मी मान वळवून बघितलं. "की कोन, ताई?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "मान खाली कर."

गेल्या वर्षी ताई गेल्या. तालुक्याच्या हॉलमध्ये शोकसभा होती. आमच्या गावातून जीप भरून बाया आल्या होत्या. ताईंच्या फोटोला हार घातला होता, पुढं उदबत्ती. ताईंनी ती आधी विझवली असती. नाईकनवरे सर आता फार थकलेत, पण बोलले बराच वेळ. ताई कधी कुठल्या देवापुढं वाकल्या नाहीत, म्हणाले. कुरणेवाडीच्या प्रसंगाचं विरोधकांनी भांडवल केलं. खरी गोष्ट अशी की चैत्रातलं कडक ऊन होतं, ताई सकाळपासून उपाशी होत्या, त्यांना भोवळ आली आणि त्या पडल्या. मी स्वतः तिथं होतो, म्हणाले. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते तसंच दिसायला लागलं असावं. त्यांचा काही दोष नाही. माणूस आपल्या माणसाची अब्रू झाकतोच.

मग त्यांनी ईश्वराला पुढं बोलावलं. पत्नीच्या मुक्तीसाठी पुढाकार घेणारा जिल्ह्यातला पहिला पती, म्हणाले. त्या दिवशी राहिलेली शाल त्याला आता मिळाली, नारळासकट. टाळ्या झाल्या. ईश्वरा हात जोडून पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मलाही दोन शब्द बोलायला उठवलं. समोर ईश्वरा, मांडीवर नारळ, माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या मागं गावच्या बाया. बाजूला फोटोत ताई.

मी म्हटलं, "ताईंचा गुडघा लई दुखायचा. खाली बसायला त्यास्नी येळ लागायचा. आन त्या दिवशी ऊन न्हवतं. आभाळ आलं हुतं."

आणि बसले.

म्हातारीला गहिवरून आलं असं वाटून सरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायांनी एकमेकींकडं बघून माना डोलावल्या. ऊन नव्हतं, म्हणजे भोवळ नव्हती. मग ताईंना लोळवलं ते आईनंच, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. ज्याला जे पाहिजे होतं ते मिळालं. ताई असत्या तर त्यांना हसू आलं असतं, किंवा राग. त्यांचा राग आणि हसू मला कधी वेगळं करता आलं नाही.

दिवस मावळताना आम्ही घरी आलो. दारावर लोखंडी पाटी आहे, माझ्या नावाची. मी कुलूप काढून आत गेले. ईश्वरा शाल अंगावर घेऊन बाहेर थांबला. त्यानं चपला काढल्या, कमरेत वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला नेला आणि रोज विचारतो तसं विचारलं, "आई, येऊ का आत?"

तो कुणाला विचारतो, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

"या," मी म्हटलं.